नॉक सेन्सर बदलताना: आफ्टरमार्केट भाग निवडण्यापासून तो बसवण्यापर्यंत

पेट्रोल इंजिनातील नॉक सेन्सर हा आकाराने लहान, दिसायला साधा आणि बहुतेक वेळा एकाच बोल्टने धरलेला भाग आहे. त्यामुळे हे काम नव्याने शिकणाऱ्याला तो बदलणे म्हणजे जुना काढून नवा लावणे एवढेच वाटते. प्रत्यक्षात आफ्टरमार्केट, म्हणजे वाहन कंपनीऐवजी दुसऱ्या उत्पादकाच्या नावाने विकला जाणारा, सेन्सर लावल्यानंतर चेक इंजिनचा दिवा पुन्हा लागला, तर त्यामागे सहसा दोनपैकी एक कारण असते: सेन्सर जागेवर बसला, पण त्याचा संकेत ईसीयूला (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला) अपेक्षित होता तसा नव्हता, किंवा सेन्सर योग्य होता, पण तो नीट आवळला गेला नाही. पुढील सर्व सूचना या दोन गोष्टी टाळण्यासाठी आहेत, आणि त्यांची सुरुवात सेन्सर नेमके काय ऐकतो हे समजून घेण्यापासून होते.

सेन्सर काय ऐकतो

स्पार्क प्लगने ठिणगी टाकल्यावर ज्योत सिलिंडरमध्ये पसरत जाते आणि तिच्यापुढचे, अजून न जळलेले मिश्रण दाबले जाऊन तापते. ज्योत पोहोचण्यापूर्वीच हे उरलेले मिश्रण आपोआप पेटले, तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि इंजिनातून धातूवर टकटक केल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. या कंपनांची वारंवारता मुख्यतः सिलिंडरच्या बोअरवर, म्हणजे आतील व्यासावर, अवलंबून असते. बोअर ८६ मिलिमीटरच्या आसपास असेल, तर ती साधारण साडेसहा किलोहर्ट्झ येते. बोअर लहान असेल तर त्याहून जास्त, मोठा असेल तर कमी.

सेन्सरच्या आत पायझोइलेक्ट्रिक सिरॅमिकची चकती आणि तिच्यावर एक छोटे वजन असते. ब्लॉक थरथरला की वजन चकतीला दाबते आणि चकतीवर विद्युतभार निर्माण होतो. या संकेतात वाल्व्ह, इंजेक्टर, चेन अशा सगळ्यांचेच आवाज मिसळलेले असतात. म्हणून ईसीयू क्रँकशाफ्टच्या स्थितीनुसार, ज्या अंशांत नॉकिंग होणे शक्य आहे तेवढ्याच वेळात आणि ठरावीक वारंवारतेच्या पट्ट्यात संकेत तपासतो. नॉकिंग आढळले की तो त्या सिलिंडरचे इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) काही अंश मागे घेतो आणि नंतर थोडे थोडे पुढे आणतो. सेन्सरचा विद्युतमार्गच बिघडला, तर तो खबरदारी म्हणून टायमिंग बरेच मागे ठेवतो. गाडीची ताकद कमी झाल्याची आणि इंधन जास्त लागत असल्याची तक्रार येते ती यामुळे.

सेन्सरला दोष देण्यापूर्वी

स्कॅनरवर दिसणाऱ्या दोषांच्या कोडांपैकी पी०३२५ ते पी०३२९ हे कोड पहिल्या बँकेच्या (सिलिंडरांच्या एका ओळीच्या), म्हणजेच एकच सेन्सर असल्यास त्या सेन्सरच्या संदर्भातले असतात आणि पी०३३० ते पी०३३४ दुसऱ्या सेन्सरचे. हे सगळे कोड एकसारखे समजून थेट सेन्सर मागवण्याची सवय नवशिक्यांमध्ये फार दिसते. ती आधी मोडावी. पी०३२७ म्हणजे संकेत अपेक्षेपेक्षा कमी आणि पी०३२८ म्हणजे जास्त. हे दोन्ही कोड सेन्सर, त्याची वायर आणि कनेक्टर या तिघांपैकी कोणाहीकडे बोट दाखवतात. पी०३२९ मध्ये संकेत अधूनमधून तुटतो, आणि तिथे तर सेन्सरआधी कनेक्टरवरच संशय घ्यावा. पी०३२६ चा अर्थ वेगळा आहे: संकेत मिळतो आहे, पण तो ईसीयूला पटत नाही. अशा वेळी सेन्सर पूर्णपणे निर्दोष असून इंजिनच खरोखर नॉकिंग करत असण्याची शक्यता मोठी असते.

खऱ्या नॉकिंगची कारणे शोधताना उत्पादकाने सांगितलेल्यापेक्षा कमी ऑक्टेनचे पेट्रोल, ज्वलनकक्षात साचलेला कार्बन, इंजिनाचे अतितापणे, चुकीच्या हीट रेंजचे स्पार्क प्लग, इंधनाचे प्रमाण कमी पडणे आणि बंद पडलेली ईजीआर (एक्झॉस्टचा काही वायू पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) एवढ्या गोष्टी तरी तपासाव्यात. याशिवाय खोटे नॉकिंगही असते. सेन्सरजवळची सैल ब्रॅकेट, ढिले हीट शील्ड किंवा खडखडणारे बेअरिंग यांचा आवाज त्याच पट्ट्यात आला, तर सेन्सर तो प्रामाणिकपणे कळवतो आणि ईसीयू टायमिंग मागे घेतो. अशा इंजिनात कितीही महागडा सेन्सर लावला तरी तक्रार तशीच राहते.

स्कॅनरवर कोड पाहताना फ्रीझ फ्रेमही वाचावी, कारण कोड कोणत्या आरपीएमला, किती लोडवर आणि किती तापमानाला नोंदला गेला हे तिच्यात मिळते, आणि काम झाल्यावर चाचणी नेमक्या त्याच परिस्थितीत घ्यायची असते. त्यानंतर इंजिन थंड असताना सेन्सरचा कनेक्टर काढून पिना पाहाव्यात. हिरवट गंज, तेल किंवा पाणी दिसले, तर निम्मे उत्तर तिथेच मिळाले. व्ही रचनेच्या काही इंजिनांत सेन्सर इनटेक मॅनिफोल्डखालच्या खोलगट जागेत असतात आणि तिथे झिरपलेले पाणी साचून सेन्सर गंजतो. त्या ठिकाणी नवा सेन्सर लावताना पाणी कुठून येते हेही शोधावे लागते.

मल्टिमीटरने सेन्सरचा रोध मोजता येतो, पण आलेल्या आकड्याचा अर्थ त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेशिवाय लागत नाही. टोयोटाच्या अनेक इंजिनांत २० अंश सेल्सियसला १२० ते २८० किलोओम योग्य मानले जाते. निसानच्या काही व्ही-सिक्स इंजिनांत ते ५०० ते ६२० किलोओमच्या दरम्यान असते. तर ज्या सेन्सरमध्ये अंतर्गत रोधकच नाही, त्यात मीटर मार्ग खुला दाखवतो आणि तरीही सेन्सर चांगला असतो. म्हणून एका गाडीवर शिकलेला आकडा दुसऱ्या गाडीला लावू नये. शिवाय रोध बरोबर आला म्हणून सिरॅमिक शाबूत आहे असे सिद्ध होत नाही, कारण मीटर रोधक मोजतो, चकती नव्हे. चकतीची परीक्षा ऑसिलोस्कोपवर होते: सेन्सरजवळच्या ब्लॉकवर छोट्या पान्याने हलके ठोकल्यावर क्षणिक लाटा दिसल्या पाहिजेत. खुद्द सेन्सरवर कधीही ठोकू नये.

भाग निवडताना

नॉक सेन्सर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. अनुनादी सेन्सर एका विशिष्ट वारंवारतेलाच जोरात प्रतिसाद देईल असा घडवलेला असतो; तो बहुधा स्वतःच्याच आट्यांनी ब्लॉकमध्ये फिरवून बसवतात. सपाट प्रतिसादाचा सेन्सर मध्ये भोक असलेल्या जाड कड्यासारखा दिसतो, त्यातून बोल्ट जातो आणि तो मोठ्या पट्ट्यातील कंपने साधारण सारख्याच प्रमाणात कळवतो. त्यातून नॉकिंग निवडण्याचे काम ईसीयूतील सॉफ्टवेअर करते. १९७८ मध्ये ब्युइकने टर्बो व्ही-सिक्स इंजिनासोबत नॉक सेन्सर बाजारात आणला, त्यानंतर बराच काळ अनुनादी प्रकाराचे प्राबल्य होते. आज बहुतांश नवी इंजिने सपाट प्रकार वापरतात. एका प्रकाराच्या जागी दुसरा प्रकार कोणत्याही परिस्थितीत चालत नाही, आणि अनुनादी सेन्सर दुसऱ्या बोअरच्या इंजिनाचा असेल तर तो आट्यांमध्ये बिनतक्रार बसूनही नॉकिंगबाबत जवळजवळ बहिरा असतो.

यापुढची अडचण अधिक फसवी आहे. बऱ्याच प्रणालींत ईसीयू सेन्सरच्या तारेवर थोडे व्होल्टेज ठेवतो आणि सेन्सरमधील रोधकामुळे ते किती उतरते यावरून तार तुटली आहे की शॉर्ट झाली आहे हे ओळखतो. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या, तोच कनेक्टर असलेल्या आफ्टरमार्केट सेन्सरमध्ये हा रोधक नसला किंवा वेगळ्या मूल्याचा असला, तर चावी फिरवल्यानंतर थोड्याच वेळात विद्युतमार्गाचा कोड येतो. म्हणून नवा सेन्सर हातात येताच, बसवण्याआधी, त्याचा रोध मोजून पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावा. हे दोन मिनिटांचे काम न केल्यामुळे इनटेक मॅनिफोल्ड दुसऱ्यांदा उतरवावे लागणे यासारखी चिडचिड नाही.

संवेदनशीलतेचा प्रश्नही तसाच आहे, फक्त तो मीटरने कळत नाही. बॉशच्या एका प्रचलित सपाट सेन्सरची संवेदनशीलता ५ किलोहर्ट्झला प्रति जी (गुरुत्व त्वरणाइतक्या कंपनामागे) सुमारे २६ मिलिव्होल्ट, अधिक-उणे ८ मिलिव्होल्ट इतकी दिलेली असते. म्हणजे नामांकित उत्पादकही बराच फरक गृहीत धरतो आणि ईसीयूचे कॅलिब्रेशन तेवढा फरक सामावून घेते. ज्या भागासोबत असा कोणताही आकडा मिळत नाही, तो या मर्यादेत आहे की नाही हे सांगणारा कोणीच नसतो. संवेदनशीलता कमी असेल, तर खरे नॉकिंग निसटून पिस्टनवर आघात होत राहतात. जास्त असेल, तर इंजिनाचा नेहमीचा आवाजच नॉकिंग ठरतो आणि टायमिंग विनाकारण मागे राहते. दोन्ही परिस्थितींत कोड येईलच असे नाही, आणि हीच स्वस्त सेन्सरची खरी जोखीम आहे.

तरीही आफ्टरमार्केट म्हणजे कमअस्सल असे समीकरण मांडू नये. बॉश, डेन्सो, एनटीके यांसारखे उत्पादक वाहन कंपन्यांना सेन्सर पुरवतात आणि स्वतःच्या खोक्यातही विकतात. आपल्या इंजिनाचा मूळ पुरवठादार जो असेल त्याचा भाग घेणे हा माझ्या मते सर्वांत समंजस मार्ग आहे. जुन्या सेन्सरवरचा क्रमांक वाचावा, तो उत्पादकाच्या कॅटलॉगमधील पर्यायी क्रमांकाशी जुळवावा आणि खात्री इंजिन कोडवरून करावी, केवळ गाडीच्या नावावरून नव्हे, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी इंजिने असतात. नामांकित खोक्यात नकली मालही मिळतो, तेव्हा अंगावरील छपाई पुसट आहे का, आतील धातूच्या बाहीची पृष्ठे सपाट व गुळगुळीत आहेत का, पिना सरळ आहेत का, हे जुन्या सेन्सरशेजारी ठेवून पाहावे.

दोन सेन्सर एकाच मॅनिफोल्डखाली असतील तर दोन्ही एकदम बदलावेत, आणि त्यांना जोडणारी छोटी हार्नेस (तारांचा जुडगा) वेगळी मिळत असेल तर तीही. तिथे खर्च भागाचा कमी आणि तिथवर पोहोचण्याचा जास्त असतो.

सेन्सरपर्यंत पोहोचणे

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची ऋण तार काढावी. एका ओळीतल्या चार सिलिंडरच्या इंजिनात सेन्सर बहुधा ब्लॉकच्या बाजूला, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, मधल्या दोन सिलिंडरांच्या आसपास असतो आणि लांब एक्स्टेन्शनने वरून किंवा गाडी उचलून खालून गाठता येतो. मॅनिफोल्ड उतरवावे लागणार असेल, तर नवे गॅस्केट आधीच आणून ठेवावे; इंधनाची नळी सोडावी लागणार असेल, तर पुस्तिकेत दिल्याप्रमाणे दाब आधी उतरवावा. मॅनिफोल्ड निघताच उघड्या पडलेल्या पोर्टांची तोंडे स्वच्छ कापडाने किंवा टेपने बंद करावीत. तिथून आत पडलेला एक छोटा नट सेन्सरपेक्षा कितीतरी महागात पडतो.

काही जुन्या इंजिनांत आट्यांचा अनुनादी सेन्सर थेट ब्लॉकच्या पाण्याच्या कप्प्यात उघडणाऱ्या भोकात असतो. तिथे कूलंट आधी काढून घेतले नाही, तर सेन्सर सुटताच ते सगळे अंगावर येते.

कनेक्टरची कुलपे उष्णतेने ठिसूळ झालेली असतात. ती ओढून नव्हे, तर आधी कनेक्टर आत दाबून कुलूप मोकळे करून काढावीत, आणि तारेला धरून कधीही ओढू नये. सेन्सर सोडण्यापूर्वी भोवतीची माती हवेने उडवावी व जुन्या सेन्सरच्या कनेक्टरची दिशा फोटो काढून नोंदवून ठेवावी.

बसवणे

पुढील काम पाच मिनिटांचे आहे, आणि त्यावरच सगळे अवलंबून आहे. ब्लॉकवरची बैठक कापड आणि ब्रेक क्लीनरने पुसून उघडा धातू दिसेपर्यंत स्वच्छ करावी; गंज असेल तर तो बारीक पॅडने हलक्या हाताने काढावा, पण फाइल किंवा ग्राइंडर वापरून पृष्ठभागाची सपाटी बिघडवू नये. भोकातील आटे साफ करावेत. बंद तळाच्या भोकात तेल किंवा कूलंट साचलेले असेल, तर ते काढून टाकावे, नाहीतर बोल्ट द्रवावर टेकतो आणि टॉर्क पान्याला खोटा टॉर्क लागतो.

सेन्सर आणि ब्लॉक यांच्यामध्ये काहीही नको: वॉशर नको, स्प्रिंग वॉशर नको, गॅस्केट नको, सिलंट नको, रंग नको. बोल्टच्या डोक्याखालीही वॉशर घालू नये. कंपने धातूकडून धातूकडेच गेली पाहिजेत. मधला कोणताही मऊ थर उच्च वारंवारता गिळून टाकतो. आट्यांच्या प्रकारात उत्पादकाने आधीच लेप दिलेला असेल, तर त्यावर आणखी काही लावू नये. बोल्ट मूळ लांबीचा व प्रतीचा वापरावा. बॉश आपल्या सपाट सेन्सरसाठी ओतीव लोखंडाच्या ब्लॉकला एम८ बाय २५ आणि अॅल्युमिनियमला एम८ बाय ३०, दोन्ही ८.८ प्रतीचे, अशी शिफारस करते.

सेन्सर खाली पडला असेल तर तो वापरू नये, मग बाहेरून ओरखडाही का नसेना. सिरॅमिकला आतून तडा गेला असेल तर तो दिसत नाही, आणि असा सेन्सर इंजिन तापल्यावरच चुकीचे वागू लागण्याची शक्यता असते.

कनेक्टर पुस्तिकेत दिलेल्या कोनात ठेवावा. हा कोन पाणी साचू नये आणि तारेवर ताण येऊ नये यासाठी ठरवलेला असतो, आणि काही इंजिनांत त्यात जेमतेम दहा अंशांचीच मुभा असते. बोल्ट आधी हाताने पूर्ण टेकवावा, सेन्सर एका हाताने कोनात धरून ठेवावा आणि शेवटचा ताण टॉर्क पान्यानेच द्यावा. एम८ बोल्टच्या सपाट सेन्सरला साधारण २० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो आणि बॉशची मुभा अधिक-उणे ५ न्यूटन-मीटर आहे. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. चाकांच्या नटांसाठीचा मोठा टॉर्क पाना इतक्या कमी टॉर्कला विश्वासार्ह नसतो. लहान पल्ल्याचा वापरावा. बोल्ट ढिला राहिला तर सेन्सरला नॉकिंग नीट ऐकू येत नाही, आणि अति आवळला तर आतील बाही ताणली जाऊन संवेदनशीलता बदलू शकते. हाताच्या अंदाजावर विश्वास ठेवणारे अनुभवी कारागीर मी पाहिले आहेत आणि इतर अनेक बोल्टांबाबत त्यांचा अंदाज खराही असतो; या एका बोल्टाबाबत मात्र मी तो मान्य करणार नाही, कारण इथे प्रश्न बोल्ट धरून ठेवण्याचा नसून संकेत पोहोचण्याचा आहे.

सेन्सरची तार बहुधा शील्ड असलेली असते, आणि ते शील्ड एकाच टोकाला भूमीला जोडलेले असते. दुरुस्ती करताना साधी तार मध्ये घालू नये आणि शील्ड दुसऱ्या टोकालाही ब्लॉकला जोडू नये. इग्निशन कॉइलचा विद्युत गोंधळ मग थेट संकेतात शिरतो. हार्नेस मूळ क्लिपांतूनच न्यावी आणि ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर ठेवावी.

इथे दोन पळवाटांचा उल्लेख करणे भाग आहे, कारण त्या कोणीतरी सुचवतोच. पहिली म्हणजे मॅनिफोल्डखालचा सेन्सर तिथेच सोडून नवा सेन्सर हात पोहोचेल अशा दुसऱ्या बोल्टवर लावणे. ईसीयूचे कॅलिब्रेशन मूळ जागेवरील कंपनांसाठी केलेले असते. नव्या जागी दिवा विझतो, पण काही सिलिंडरांचे नॉकिंग ऐकूच येत नाही. दुसरी पळवाट सेन्सरच्या जागी योग्य मूल्याचा रोधक जोडून ईसीयूला गप्प करण्याची. त्यात नॉकिंगविरुद्धचे संरक्षण पूर्णच संपते आणि पिस्टनचे रिंगांमधले कडे तुटेपर्यंत कोणताही इशारा मिळत नाही.

तपासणी

बॅटरी जोडल्यावर कोड पुसावेत आणि इंजिन चालू करून स्कॅनरवर नॉक रिटार्ड (नॉकिंगमुळे टायमिंग किती मागे घेतले ते) किंवा टायमिंग सुधारणेचे मूल्य पाहावे. आयडलवर कोड आला नाही यावर समाधान मानू नये. यातील बऱ्याच चाचण्या इंजिन पूर्ण तापल्यावर, ठरावीक आरपीएमच्या वर आणि लोड असतानाच चालतात. म्हणून फ्रीझ फ्रेममध्ये नोंदलेल्या परिस्थितीसारखीच गाडी चालवावी, चढ असेल तर उत्तम, आणि स्कॅनरचे वाचन शेजारी बसलेल्याने करावे. चढावर थोडे टायमिंग मागे जाऊन लगेच परत येणे हे निरोगी लक्षण आहे. ते सतत मागेच राहत असेल तर खरे किंवा खोटे नॉकिंग आहे. आणि जोर देऊनही, आवाज कानाला ऐकू येत असतानाही मूल्य शून्यावरून हलत नसेल, तर सेन्सर ऐकत नाही.

विद्युतमार्गाचा कोड परत आला, तर नवा सेन्सर पुन्हा उतरवण्याआधी ईसीयूच्या कनेक्टरपासून सेन्सरच्या कनेक्टरपर्यंत प्रत्येक तारेचे सातत्य आणि भूमीशी शॉर्ट तपासावा. हे करताना दोन्ही कनेक्टर काढलेले असावेत, जेणेकरून मीटरचे व्होल्टेज ईसीयूत जाणार नाही. दोन सेन्सरचे इंजिन असेल आणि दोन्ही सारखेच असतील, तर त्यांची अदलाबदल करून कोड दुसऱ्या बँकेकडे सरकतो का ते पाहता येते. सरकला तर सेन्सर, नाही सरकला तर तार. तारा निर्दोष ठरल्या, रोध आणि टॉर्क बरोबर निघाले आणि तरीही तोच कोड येत राहिला, तर ईसीयूवर संशय घेण्याआधी वाहन उत्पादकाच्या मूळ क्रमांकाचा सेन्सर लावून पाहावा.